शेवटची षटकं

क्लबच्या निरोप समारंभात सदाची कारकीर्द वाचून दाखवली: बळी थोडे, दिलेल्या धावा भरपूर. शेवटची षटकं टाकायला दुसरं कुणी तयार नसे, म्हणून ती कायम त्याच्याच वाट्याला येत. आकडे खरेच होते. चेंडू हाती कोणत्या वेळी दिला, हे मात्र ते सांगत नव्हते.

"सद्या, तुझे निम्मे झेल तर मीच सोडले!" यष्टिरक्षक ओरडला.

"स्कोअरबुकात त्याला रकाना नसतो रे बाबा," सदा म्हणाला.

सगळे हसले. जिल्हा संघाच्या निवडीच्या आठवड्यात, एका सामन्याचं स्कोअरबुक पाहून, मी बातमीत त्याला 'महागडा' म्हटलं होतं. निवड समितीने ती वाचली आणि त्याचं नाव वगळलं. त्या सामन्याला मी मैदानावर होतो. झेल सुटताना मी पाहिले होते.