बंड्यासमोर बोलायचं नाही

अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलच्या इलाकाकू म्हणजे एक स्वतंत्र सरकार. मूळच्या नागपूरच्या, काका गेल्यावर मुलाकडे, ऋषीकडे राहायला आल्या. ऋषीने कुत्र्याचं पिल्लू आणलं तेव्हा "घरात एक तर हा राहील, नाही तर मी!" असं ठणकावून झालं. आठवड्याभरात पिल्लाचा बंड्या झाला आणि काकू त्याला मांडीवर घेऊन तूप-पोळी भरवायला लागल्या. ऋषी बिचारा फ्रिजमधलं शिळं गरम करून खायचा.

त्याच बंड्याच्या गळ्याला परवा गाठी आल्या आणि तपासणीत कॅन्सर निघाला. ऋषी ऑफिसच्या कामाने बाहेरगावी होता. फोनवर म्हणाला, "आई, तो तुझाच आहे. तू ठरव." बर्फात ड्राइव्ह करायला आणि काकूंचं इंग्रजी सावरायला शेजारीण म्हणून मी जनावरांच्या दवाखान्यात बरोबर गेले.

डॉक्टर मेगनने रिपोर्ट उघडून बोलायला सुरुवात केली, तोच काकूंनी हात वर केला.

"नेत्रा, हिला सांग, त्याच्यासमोर नको."

"अहो काकू, कुत्रा आहे तो!"

"मग? त्याला कळत नाही की काय? पेशंटसमोर असलं बोलतात का कुणी? बाहेर चल म्हणावं."

मला मेलं कुठे तोंड लपवू असं झालं! पण खरं सांगू का, आपल्याकडे हे असंच चालतं. अख्ख्या खानदानाला आजार माहीत असतो, फक्त आजाऱ्याला सोडून. मी कसंबसं इंग्रजीत सांगितलं. गुणाची बाई ती, अजिबात हसली नाही. दार ओढून घेतलं आणि आमच्याबरोबर पॅसेजमध्ये येऊन हळू आवाजात बोलायला लागली.

किमो दिली तर कदाचित वर्षभर मिळेल. बहुतेक कुत्र्यांना ती सोसते. पण त्यासाठी कितीतरी महिने सारखं इथे यायचं, सुया टोचून घ्यायच्या. नुसत्या गोळ्या दिल्या तर एखाद-दोन महिने, पण घरी, आरामात. बरा मात्र तो कशानेच होणार नाही.

मग तिने विचारलं, "तुम्ही त्याला ओळखता. त्याला स्वतःला काय हवं असेल?"

मी ते मराठीत सांगितलं.

"इथे आला की तो खुर्चीखाली शिरून थरथरतो गं," काकू म्हणाल्या. "तुझ्या काकांना हे कुणी विचारलंच नाही. आम्ही त्यांना शेवटपर्यंत अल्सर आहे म्हणून सांगितलं. नाकातोंडात नळ्या, आणि रोज विचारायचे, घरी कधी जायचं? मी रोज म्हणायची, परवा."

मी त्यांचा हात धरला.

काकूंनी पदराने डोळे पुसले. "गोळ्या दे म्हणावं," म्हणाल्या आणि दार उघडून आत गेल्या. दुखरे गुडघे टेकून खाली बसल्या आणि खुर्चीखालचं ते थरथरणारं तोंड त्यांनी दोन्ही हातांत धरलं.

"बंड्या, तुला कॅन्सर झालाय, राजा. तू बरा नाही व्हायचास. पण इथे नाही हं ठेवणार मी तुला. आपण घरी जाऊ. आत्ताच."