वरमाईची साडी

आर्वीच्या बाजारात एका कापड दुकानात मी ऐन उमेदीची काही वर्षं काढली. नव्वदचं दशक होतं. बी.ए. झालो होतो, मास्तरकी काही मिळत नव्हती, आणि गादीवर बसून साड्यांच्या घड्या मोडायला पदवी लागत नाही. पण एका बाबतीत मी त्या दुकानात सगळ्यांना भारी होतो. कुरकुरणारं, भांडणारं, नाक मुरडणारं गिऱ्हाईक आलं, की गल्ल्यावर बसलेले मालक माझ्याकडे बघून नुसती हनुवटी उडवायचे. मग ते गिऱ्हाईक माझं.

मला त्याचा केवढा तोरा होता! एकदा एक बाई पहिल्याच धुण्यात रंग गेलेली साडी घेऊन आली. पुरावा म्हणून सोबत नवऱ्याचं गुलाबी झालेलं धोतरही आणलं होतं. तिचा आवाज रस्त्यापलीकडच्या भांड्यांच्या दुकानापर्यंत जात होता. मी तिला आधी बसवलं, पाणी दिलं, ते धोतर हातात घेऊन घरात कोणी गेल्यासारखा चेहरा केला आणि "तुमचं बरोबर आहे, मावशी" एवढंच म्हणत राहिलो. राग ओसरल्यावर साडी बदलून दिली. जाताना तिने बहिणीसाठी आणखी एक नेली. मालक म्हणाले, "तेरी जबान में तेल है रे." हे वाक्य मी घरी आईला दोन-तीनदा तरी ऐकवलं असेल. तिला ते फारसं कौतुकाचं वाटलं नाही, पण हसली.

मालक व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेले. गिऱ्हाईकाचा आवाज चढला की आपला उतरवायचा आणि 'नाही' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, हे त्यांनी आम्हाला पढवलं होतं. शिवाय एक शेवटचा उपाय होता. गिऱ्हाईकाला काही केल्या पसंत पडेना, की नापसंत ढिगातलीच एक बरी साडी उचलून आत न्यायची, नव्या खोक्यात घालायची आणि बाहेर येऊन हळूच म्हणायचं, "हा माल कालच आला. अजून कोणाला दाखवला नाही." मघाशी जिला हात लावायला बाई तयार नसायची, तीच साडी मग ती छातीशी धरायची. आम्ही पोरं नंतर पोट धरून हसायचो.

एक रीत मात्र आम्हाला कोणी शिकवली नव्हती, ती पाहून पाहूनच हातात बसली. बाई गादीवर टेकली की आमची नजर आधी तिच्या कपाळाकडे जायची, मग गळ्याकडे. कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, की हात आपोआप खालच्या कप्प्याकडे वळायचा. त्या कप्प्यात राखाडी, बदामी, फिकट निळ्या साड्या असायच्या. काठ बारीक, जरीचा धागा नावालाही नाही. नवरा गेलेल्या बाईला 'कोणता रंग दाखवू' असं विचारणं म्हणजे तिच्या दुखऱ्या जागी बोट लावणं, अशी आमची समजूत होती. म्हणून विचारायचंच नाही, गुपचूप तो कप्पा उघडायचा. हा आमचा सभ्यपणा. बायाही काही न बोलता त्यातली एखादी उचलायच्या, त्यामुळे आपण चुकतोय असं कधी वाटलंच नाही.

मग दादाचं लग्न ठरलं. दादा सेवाग्रामला दवाखान्यात कामाला होता आणि मुलगी गिरडकडची. लग्नाआधी दोन्हीकडची माणसं मिळून एकाच दुकानात सगळं लग्नाचं कापड घेतात, त्याला आमच्याकडे बस्ता म्हणतात. कापड घेण्यापुरतं ते कधीच नसतं. कोणाला काय घेतलं, कोणासमोर आधी काय उलगडलं, कोणाला विचारलं आणि कोणाला विचारलं नाही, हे सगळं माणसं डोक्यात ठेवून घरी जातात आणि वर्षानुवर्षं काढत बसतात. त्यात सगळ्यात मानाची साडी वरमाईची. ती मुलीच्या वडिलांनी घ्यायची.

मुलीचे वडील किराणा दुकानदार, सरळ माणूस. मी आर्वीच्या दुकानात आहे म्हणून त्यांनी मुद्दाम तिथेच बस्ता ठेवला. आमच्याकडून आई आणि काकू आल्या होत्या. बाबा जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. म्हशींच्या दुधावर आईने आम्हा दोघांना वाढवलं. त्या वर्षांत ती स्वतःसाठी म्हणून कोणत्या दुकानाची पायरी चढली असेल, असं मला आठवत नाही. त्या दिवशी मात्र ती न्हाऊन, केस नीट बांधून आली होती. चप्पल बाहेर काढून ती गादीवर जपून बसली आणि माझ्याकडे पाहून थोडी हसली. मीही हसलो. मालक बघत होते.

व्याही म्हणाले, "पहिले विहीणबाईची पाहू. भारीतली दाखवा भाऊ, मान त्याईचा हाय."

आणि माझा हात खालच्या कप्प्याकडे गेला.

ही माझी आई आहे, हे त्या हाताला कळलंच नाही. राखाडी, बदामी, पुन्हा राखाडी, मी एकेक घडी सराईतपणे आईपुढे टाकत गेलो. त्यातल्या त्यात भारी पोत निवडत होतो, म्हणजे व्याह्यांचं म्हणणंही राखत होतो. स्वतःवर खूशच होतो म्हणा ना.

आईने पहिली साडी बाजूला सारली. "पोत बरं नाई." दुसरीला म्हणाली, "काठ पाय कसा हाय." तिसरी उलगडूच दिली नाही. तेवढ्यात शेजारच्या पोराने काकूपुढे वांगी रंगाची, जरीच्या काठाची साडी टाकली. आईने तिचा पदर दोन बोटांत धरला आणि काठावरून अंगठा फिरवला.

"हे कोणाले?" तिने विचारलं.

"मले," काकू म्हणाली.

आईने पदर सोडून दिला. मी हे सगळं पाहिलं. मी पाहिलं आणि चौथी राखाडी साडी उलगडली. आज हे लिहिताना मला माझ्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यानंतर आई बिथरली. घरात कधी आवाज न चढवणारी माझी आई भर दुकानात बोलायला लागली. "एवढं मोठं दुकान, अन् वरमाईले दाखवाले साडी नाई तुमच्याकडं?" दुसऱ्या गादीवरची गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. काकूने पदर तोंडाला लावला. व्याह्यांना घाम फुटला. आपलंच काही चुकलं असावं असं वाटून ते बिचारे हात जोडत म्हणाले, "विहीणबाई, तुमी म्हणान थे घेऊ. इथं नाई पसंत तर दुसऱ्या दुकानात जाऊ." दुसऱ्या दुकानात! माझ्या मालकांसमोर, माझ्याच घरचा बस्ता उठून दुसऱ्या दुकानात जाणार होता. आणि वरमाय बस्त्यात रुसली ही बातमी आमच्याआधी गिरडला पोचली असती. लग्न मोडलं नसतं कदाचित, पण त्या मुलीला आमच्या घरात पाऊल टाकायच्या आधीच आईची धास्ती बसली असती.

मला आईची लाज वाटली. खोटं कशाला सांगू, इतकी वाटली की ही बाई आपली कोणी नसती तर बरं झालं असतं, असंही क्षणभर मनात आलं. रोज भेटणाऱ्या भांडकुदळ बायांपैकीच एक मला ती वाटली. मालक गल्ल्यावरून उठले, त्यांनी तीच ती हनुवटी उडवली आणि ते माझ्या मागे येऊन उभे राहिले.

मी आवाज उतरवला. चेहरा दुःखी केला. घरी मी आईला अगं-तुगं करतो, पण त्या गादीवर मी तिला म्हणालो, "तुमचं बरोबर आहे, आई. यात तुमच्यासारखं एकही नाही."

आईने चमकून माझ्याकडे पाहिलं.

मी ढीग उचलला आणि आत गेलो. तिने पहिल्यांदा बाजूला सारलेली राखाडी साडी काढली, घडी पुन्हा नीट घातली, गुळगुळीत कागद लावून खोक्यात ठेवली. माल शोधतोय असं वाटावं म्हणून जरा वेळ आतच थांबलो. बाहेर येऊन खोकं तिच्यापुढे ठेवलं आणि हलक्या आवाजात म्हणालो, "हा माल कालच आला. अजून कोणाला दाखवला नाही."

आईने झाकण काढलं. साडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या मालकांकडे. मग तिने साडीवर हात ठेवला.

"हे चांगली हाय," ती म्हणाली. "हेच घ्या."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. व्याह्यांनी कपाळ पुसलं आणि सगळ्यांसाठी चहा सांगा म्हणाले. काकू म्हणाली, "पाहा बाप्पा, पहिलेच हे दाखवली असती त कायले एवढं रामायण झालं असतं?" मालक माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आज पास हो गया तू." आणि मी खूश झालो. आईलाही आपण सांभाळून नेलं, कोणाला कळलं नाही, बस्ता नीट पार पडला, या आनंदात मी काकूला आणखी एक साडी काढून दाखवली.

मालकांनी मला त्या दिवशी लवकर सोडलं. काकू तिच्या भावाकडे आर्वीतच थांबली. मी आणि आईने डेपोतून गावची एसटी धरली. आईने खोकं मांडीवर घेतलं होतं, बाकीच्या पिशव्या माझ्या पायाशी. गाडी आर्वीबाहेर पडली.

मग खिडकीबाहेर पाहतच ती म्हणाली, "हे साडी थेच हाय ना रे? पहिले दाखोली थे?"

आणि मी काय केलं असेल? तोंडातलं तेल अजून आटलं नव्हतं. "नाही आई, ती जरा वेगळी होती, हिचा पोत..." असं मी बोलायला लागलो. आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला सोपं गेलं असतं, पण राग नव्हता. मी बोलता बोलता थांबलो.

"मग घेतली काऊन?" मी विचारलं.

"तुया मालक पाहून राह्यला होता," ती म्हणाली. "मी उठून गेली असती त चार लोकायत तुई पत गेली असती. नोकरी हाय तुई."

ती वरमाय म्हणून त्या गादीवर बसली होती. आयुष्यात एकदाच कोणी तिला आधी मान देणार होतं, आणि तो दिवस तिने माझ्या नोकरीसाठी सोडून दिला होता. मी मात्र तिला फसवल्याच्या आनंदात चहा प्यायलो होतो. अगदी हळू आवाजात मी तिला विचारलं, "तुले कोणती पाहिजे होती?"

"आता इचारून काय फायदा," ती म्हणाली. "तवा इचारायचं होतं."

आणि जराशाने, जणू माझीच समजूत घालावी तसं पुढे म्हणाली, "मी घेतली असती का नाई थे मले बी नाई मालूम. लोकं काय म्हणतीन, हे मले समजते. पण इचाराले काय लागते?"

उरलेला रस्ता मी पायाशी ठेवलेल्या पिशव्यांकडे पाहत काढला. कंडक्टरने काही विचारलं तेही मला ऐकू आलं नाही, आईनेच उत्तर दिलं.

घरी पोचलो तर दादा आला होता आणि बस्ता पाहायला शेजारच्या बाया ओसरीवर जमल्या होत्या. आईने हातपाय धुतले आणि पिशव्या उघडल्या. नवरीचा शालू झाला, काकूची वांगी साडी झाली, आत्याची झाली. सगळ्यांनी हात लावून पाहिलं, वाहवा केली. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. आता पुढे काय होणार हे मला कळत होतं, पण तिथून हललो नाही.

"अन् वरमाईची दाखवा ना," एक शेजारीण म्हणाली. "थे तं पाहू द्या पहिले."

आईने खोकं पुढे ओढलं, झाकण काढलं आणि ती राखाडी साडी ओसरीवर सगळ्यांसमोर उलगडली. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. वरमाईची म्हणून त्यांच्या डोळ्यांपुढे काही वेगळं असणार. एकीने विचारलंही, "हे व्याह्यानं घेतली?"

"पैसे त्याईनं देल्ले," आई म्हणाली. "पण निवडली माह्या लहान्या पोरानं. मी म्हटलं, तू म्हणशीन थेच नेसतो."

दादाने माझ्याकडे पाहून मान डोलावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाया साडीवरून हात फिरवत मला गुणाचा पोरगा म्हणत होत्या, आणि आई त्यांना हो म्हणत होती.