झांजा नसलेला अल्बम

गुरुवारी चाकणकडच्या कंपन्यांना सुट्टी, म्हणून गुरुवार हा संघर्षचा ऐकायचा दिवस. सकाळी आईबरोबर बसून बुद्धवंदना व्हायची, मिनल कांदेपोहे करायची, आणि बशी रिकामी झाली की तो हेडफोन लावून खिडकीशी भिंतीला टेकायचा. मग दुपारपर्यंत तो संत तुकाराम नगरातल्या त्या दोन खोल्यांत असून नसल्यासारखा. ऐकायचा तो एक्स्ट्रीम मेटल हे आरडाओरड्याचं रॉक संगीत, तेही नव्यानं आलेलं. लग्नानंतर त्यानं मिनलला ते पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा तिला वाटलं, कुणी माणूस विहिरीत पडलाय, खालून ओरडतोय आणि वरून लोक पत्रे टाकताहेत. तिनं तसं सांगूनही टाकलं. संघर्ष चिडला नाही. त्यानं ते वाक्य जसंच्या तसं आपल्या परीक्षणात घातलं, आणि वाचणाऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं.

परीक्षणं तो इंटरनेटवर 'कर्कश' नावाच्या पानावर लिहायचा, चोख मराठीत. मिनल त्याचे ऱ्हस्व-दीर्घ तपासायची. महाळुंग्याला प्रेसवर गाड्यांचे पत्रे दाबून काढणारा माणूस तो, पण कोल्हापूरपासून नागपूरपर्यंतची पोरं नवा अल्बम आला की 'कर्कश काय म्हणतोय' म्हणून वाट बघायची. अल्बम बाहेर येण्याआधी बँडवाले स्वतःहून त्याला पाठवायचे. कंपनीत त्याला टोकन नंबरानं हाक, आळीत 'विलासचा पोरगा' म्हणून; विलासराव जाऊन इतकी वर्षं झाली तरी. 'कर्कश'वर मात्र त्याचं त्याचं असं काहीतरी होतं, आणि तेवढ्यावर त्याचा आठवडा निघायचा. मिनलला ते संगीत कधी आवडलं नाही. पण ते लिहून झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं, त्यासाठी ती गुरुवारची वाट बघायची.

त्या वर्षी तळेगावच्या 'कडेलोट' नावाच्या बँडनं 'मसणवट' हा नवा अल्बम काढला. संघर्षनं तो दोन गुरुवार ऐकला आणि मनापासून लिहिलं. म्हणाला, या पोरांनी सिंबल, म्हणजे ड्रमवरच्या त्या मोठ्या पितळी झांजा, उचलून फेकून दिल्यात. चकाकी नाही, छनछनाट नाही, नुसती काळी माती आणि खालून येणारा ठोका. एवढं धाडस आपल्याकडे कुणी केलं नव्हतं. मिनलनं 'चकाकी'ची दुसरी वेलांटी नीट केली आणि लेख गेला.

संध्याकाळी लेखाखाली लोकांची शेरेबाजी सुरू झाली. आधी हसण्याच्या खुणा, मग टोमणे. एकानं विचारलं, भाऊ, कान कंपनीतच विसरून आलात का? दुसरा म्हणाला, राव, अल्बम ऐकला का नुसतं कव्हर बघितलं? संघर्षला वाटलं, पोरं टिवल्याबावल्या करताहेत. तेवढ्यात बँडच्या ड्रमरचा, सार्थकचा, फोन आला. संघर्ष हल्ली फोन स्पीकरवरच घ्यायचा, त्यामुळे स्वयंपाकघरात मिनललाही सगळं ऐकू गेलं.

"दादा, चेष्टा करताय का माझी?"

"चेष्टा कसली? चांगलं लिहिलंय की."

"सिंबल नाहीत म्हणे. सहा महिने मी दुसरं काही केलेलंच नाही हो. अख्खा अल्बम त्याच्यावर उभाय."

संघर्ष म्हणाला, मला पाठवलेली फाइल वेगळी असेल. सार्थक म्हणाला, फाइल एकच आहे. फोन कुणी आधी ठेवला ते मिनलला कळलं नाही.

संघर्षनं पुन्हा लावून बघितलं. आवाज वाढवला, वायर उपटून पुन्हा खुपसली, मोबाइल बदलला. शेवटी तो स्वयंपाकघराच्या दारात आला आणि मिनलच्या डोक्यावर त्यानं हेडफोन चढवला. तिचे हात कणकेनं माखलेले होते, तशीच ती उभी राहिली.

तापलेल्या तेलात मूठभर मोहरी पडावी, तसं तिला ऐकू आलं. तडतड, छनछन, पहिल्या क्षणापासून, एका कानातून दुसऱ्या कानात फिरणारं. त्या ओरडण्याच्या वर ते सारखं सांडत होतं. आणि तिच्या एकदम ध्यानात आलं की फोडणीच्या आवाजानं 'वास भारी सुटलाय' म्हणून डोकावणारा हा माणूस हल्ली ताट समोर आल्यावरच मान वर करतो.

तो तिच्या तोंडाकडे बघत होता. रोज सकाळी पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं वचन ती घ्यायची. त्या घडीला ते तिनं आनंदानं मोडलं असतं. 'नाहीत' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. पण खोटं बोलून निभणार किती दिवस? लोकांनी त्याला हसायचं आणि घरात आपण फसवायचं, हे तिला जास्तच वाईट वाटलं.

"आहेत," ती म्हणाली. "पहिल्यापासून आहेत."

त्यानं हेडफोन तिच्या डोक्यावरून हळूच काढला. कणीक लागली होती तेवढी पुसली.

पिंपरीतल्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बारीक, उंच आवाज त्याच्या कानातून गेलेत. खालचे, जाड आवाज शाबूत आहेत. ती ओरड, ते ठोके, प्रेसचा दणका, हे सगळं त्याला व्यवस्थित पोचत होतं, म्हणून काही हरवलंय असा संशयच आला नव्हता. गेलेलं परत येत नसतं. कंपनीत दरवर्षी तपासणी होत नव्हती का, असं त्यांनी विचारलं. होत होती, आणि दर वर्षी कागदावर 'नॉर्मल' येत होतं. कानात बारीक शिटी वाजली की बटण दाबायचं, अशी ती तपासणी. लाइनवरच्या ज्योतीरामनं त्याला पहिल्याच वर्षी शहाणं केलं होतं: ऐकू येवो न येवो, अंदाजानं दाबत राहा भावा, नाहीतर प्रेसवरून उचलून पॅकिंगला टाकतील. शिट्यांच्या मधलं अंतर साधारण सारखंच असायचं.

"तालात दाबायचो, सर," संघर्ष म्हणाला, आणि त्याला हसू आलं. "ताल कधी चुकला नाही."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कानाचं मशीन लावून दाखवलं. बोलणं थोडंफार सुधारेल म्हणाले, संगीताचं सांगता येत नाही. मशीनमधून त्यानं मोबाइलवरचं एक गाणं लावून बघितलं. पत्र्याच्या डब्यात कुणी खडे हलवतंय म्हणाला, मशीन काढून टेबलावर ठेवलं आणि उठला.

त्याच्या आईला, गिरजाबाईंना, समजल्यावर त्यांनी सगळं खापर गाण्यांवर फोडलं. "मी बोंबलत नव्हते का, ह्या रेड्याच्या आरडण्यानं कान जातील म्हणून? बापानं त्याच कंपनीत जन्म काढला, त्याला न्हाई काही झालं." विलासराव शेवटी शेवटी कुणाच्या हाकेला ओ देत नसत, ते मिनलला आठवलं. त्याला सगळे मानी स्वभाव म्हणायचे. सासूला आता हे सांगून काय मिळणार होतं?

संघर्षनं 'कर्कश'वर तीन वाक्यं लिहिली. मसणवटमध्ये सिंबल आहेत. मला ते ऐकू येत नाहीत. इथून पुढे हे पान बंद. त्यात सुधारायला मिनलला काहीच सापडलं नाही. लोकांना तो विनोद वाटला. खाली हसण्याच्या खुणांची रांग लागली, आणि एकानं तर लिहिलं की आजवरचं सगळ्यात भारी परीक्षण हेच.

सार्थकला मात्र कळलं. तो केळी घेऊन घरी आला आणि ओशाळून, मोठमोठ्यानं बोलत बसला. म्हणाला, दादा, जुन्या अल्बमवर लिहा. ते तर तुम्हाला अजून ऐकू येतात, तुम्हीच सांगितलंत, सिंबलसकट.

"ते मला ऐकू येत नाही, सार्थक. ते आठवतं." संघर्ष स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. "डोकं आपलं आपण भरून काढतं. कळतसुद्धा नाही. नवीन काही आलं, की तिथं भोक."

सार्थक चप्पल घालून गेला. त्यानंतर दोन बँडनी नवे अल्बम पाठवले. संघर्षनं ते उघडले नाहीत. गुरुवारी तो आता झोपून राहतो.

'ते आठवतं' हे वाक्य मात्र मिनलच्या मनात रुतून बसलं. ती घरातलं बोलणं निरखू लागली. डबा घेतला का, भाकरी वाढू का, पाणी आलंय, आईंच्या गोळ्या संपल्या, असं काही म्हटलं की तो बरोबर उत्तर द्यायचा. ती पुण्याच्या बहिणीबद्दल, विहारातल्या नव्या भंतेजींबद्दल काही सांगायला लागली की तो मान डोलवायचा, आणि उत्तर भलतंच यायचं. म्हणजे तिचं बोलणंही त्याला ऐकू येत नव्हतं. आठवत होतं. लग्नाच्या बारा वर्षांत जी वाक्यं त्याच्या कानात बसली, तेवढीच मिनल आता त्याच्यासाठी शिल्लक होती. तिनंही मग नकळत तेवढंच बोलायचं ठेवलं. सकाळी मेणबत्ती लावून ती डोळे मिटते, पण तथागत काही देत-घेत नाहीत हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. मागायची सोयच नाही. काय आहे ते बघायचं, एवढंच.

परवा जेवणाच्या वेळी गिरजाबाई आत झोपल्या होत्या. तो पिठलं-भाकरी खात होता, नजर ताटात. मिनल पुष्कळ वेळ तव्याकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "अहो, मला फार एकटं वाटायला लागलंय."

तो मान वर न करता म्हणाला, "दे. अर्धीच दे."

तिनं भाकरी मोडली आणि अर्धी त्याच्या ताटात वाढली.