मोकळ्या हातांचा चुडा

माझा नवरा भोरच्या बाजारात अत्तर विकायचा. संस्थान विलीन झालं आणि त्याच सुमारास तो तापानं गेला. बाजारात त्याच्या शेजारी बसणारे कासारमामा चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर दारात आले नि म्हणाले, "बांगड्या भरायला शीक. म्या शिकवतो."

मी थक्कच झाले. पिढीजात धंदा परजातीच्या बाईला, तीही मुसलमान, कोण शिकवतं? भाऊबंदांनी मामांना नावं ठेवली ती वेगळीच.

शिकवणं मात्र असं की जीव नको व्हावा. सराव मामांच्याच मुलीच्या हातावर. बाईला बोलण्यात गुंतवायचं, हात सैल पडला की अंगठा आत दाबून बांगडी सरकवायची. फुटली तर नुकसान आपलं, आणि 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढवली' म्हणायचं. त्या पोरीला मी किती ओरखडे काढले असतील! ती हसायची आणि मामा माझ्यावर खेकसायचे. मी काय कमी फटकळ? मीही म्हणायचे, "मग तुम्हीच भरा."

"म्या किती दिस भरणार? माजे हात कापायला लागलेत," मामा म्हणायचे.

हात बसल्यावर मामांनी मला उत्रोलीला लग्नघरी नेलं. आज्यापासून तिथल्या नवरींचे चुडे त्यांच्याच घरानं भरलेले. एक चुडा माझ्या हातून भरला गेला की गावातल्या बायका मला दारात घेणार होत्या. माझी चूल त्यावरच पेटायची होती.

मी नवरीचा हात धरला तोच तिची आई पुढं आली. "मामा, तुमी भरा. हिचे हात मोकळे. विधवेच्या हातनं आमी चुडा भरत न्हाई."

मी गुपचूप मागं सरकले. मामांनी हिरव्या बांगड्या पेटीत ठेवल्या, पेटी बांधली आणि उठले. "ही भरणार न्हाई, तर म्या बी न्हाई."

लग्नघरातून कासार असा उठून जातो, हे कुणी ऐकलंय तरी का? बायका थिजल्या, पण थांबा म्हणाली नाही एकही. त्यांनी दुसरा कासार बोलावला आणि उत्रोली मामांच्या हातची कायमची गेली.

परतताना मी रडत रडत त्यांना वाट्टेल ते बोलले. "कुणी सांगितलं होतं? तुमचं गाव घालवलंत, माझी भाकरीही घालवलीत."

ही गोष्ट सगळीकडे पसरली. बांगड्या भरायला मला कुणी हात देईना. मामांनी दिलेली बांगड्यांची पेटी मी फळीवर टाकून दिली आणि लोकांचं दळण घ्यायला लागले.

पुढं मामांच्या मुलीचं लग्न निघालं. चुड्याच्या दिवशी मी मुद्दामच उंबऱ्याबाहेर बसले. आत घरभर कासार पाहुणे, चुडा भरणाऱ्या हातांना काय तोटा?

मामांनी हाक मारली, "बाहेर काय बसलीस? चुडा भरायचाय."

"मामा, पोरीचं लग्न आहे," मी कशीबशी म्हणाले.

मुलीनं आधीच हात पुढं केला होता. "भाभी, सैल सोडलाय बघा."

पाहुण्यांच्या नजरा मला टोचत होत्या. तरी मी चुडा भरला, एकही बांगडी न वाढवता. भरून झाल्यावर नवरी कासाराच्या पाया पडते, तशी रीत. ती सगळ्यांदेखत माझ्यापुढं वाकली. हे मोकळे हात तिच्या डोक्यावर ठेवावेत की नाही, मला कळेना.

मामा म्हणाले, "ठेव की. कासारीण हायेस तू."