डोरथीबाईंचं स्टेशन

आमच्या शेजारच्या शालिनीकाकूंना कुठल्याही नव्या जागी नेलं की त्यांचा पहिला प्रश्न, "इथे आधी काय होतं?" बोरीवलीत नवा डोसेवाला आला, तरी त्या गाळ्यात आधी कोण होतं हे त्याच्याकडून वदवून घेतल्याशिवाय त्या पार्सल उचलायच्या नाहीत.

लेकीच्या बाळंतपणाला इंग्लंडला गेल्या, तेव्हाही तेच. गाव लहान, रस्त्यावर माणूस दिसायची मारामार. नातवाला बाबागाडीतून फिरवताना त्यांना एक दगडी घर दिसलं आणि त्याच्यापुढे गवतात बुडालेला लांबलचक ओटा. काकूंनी सरळ बेल वाजवली. डोरथी नावाच्या एका म्हातारीनं दार उघडलं. काकूंच्या मोडक्या इंग्रजीतला प्रश्न तिला बरोबर कळला. म्हणाली, "स्टेशन."

तिचे वडील तिथले स्टेशनमास्तर. सकाळच्या गाडीनं गावचं दूध शहरात जायचं. युद्धावर निघालेली मुलंही याच फलाटावरून गेली. पुढे लोकांनी मोटारी घेतल्या, गाड्या रिकाम्या धावू लागल्या आणि स्टेशन बंद झालं. शेवटच्या गाडीला निरोप द्यायला अख्खं गाव लोटलं. वडील मात्र त्यानंतरही कितीतरी दिवस संध्याकाळच्या गाडीच्या वेळी कोट चढवून फलाटावर उभे राहायचे. हे सांगताना डोरथी रडली. तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

काकू रोज जाऊ लागल्या. ही बाई गेली की तिच्याबरोबर हे सगळं जाणार, याची त्यांना रुखरुख लागली. गावच्या शाळेत जाऊन मुलांना सांग, असा त्यांनी तिच्यामागे लकडा लावला. लेक वैतागली, इथे कुणाच्या घरात असं घुसत नाहीत म्हणाली. डोरथीही तयार होईना. कोण ऐकणार, हे तिचं पालुपद. काकू तिला म्हणाल्या, "मी ऐकते ना. पुढच्या बाकावर बसते. माझ्याकडे बघून बोल."

शेवटी शाळेत डोरथी चांगली तासभर बोलली. "अर्धं माझ्या डोक्यावरून गेलं गं," काकू आम्हाला सांगायच्या, "पण पोरं जागची हलली नाहीत."

गेल्या वर्षी काकू गेल्या. दिवसकार्याला आलेल्या लेकीकडून कळलं, की डोरथीही आता नाही. पण शाळेतली मुलं दर वर्षी तो फलाट बघायला जातात आणि स्टेशनची हकिगत आळीपाळीनं सांगतात.

"शेवट कसा करतात माहितीये?" ती म्हणाली. "मग पुष्कळ वर्षांनी मुंबईहून शालिनी आली आणि तिनं बेल वाजवली."