भरलेली बाटली

एप्रिलच्या रखरखीत उन्हातही नऊ वर्षांची पायल पाण्याची बाटली शाळेतून भरलेलीच परत आणायची. शेवटी पोटात कळा यायला लागल्या, तशी तिची आई भावना खेकसली, "पाणी काहून नाही पेत वं?"

"पेलं का बाथरूमले जा लागते. मी पोरगा आहो, पोरींच्यात नाही जात. अन् पोरं हाकलतात."

हे खूळ उतरवायला भावनानं आधी बडवूनही पाहिलं होतं. आज हात उठेना. ती कामाला जायची त्या वाडीच्या गोदामात बायकांसाठी संडासच नव्हता, म्हणून तीही संध्याकाळपर्यंत घोटभर पाणी पीत नसे. ती कळ तिच्या ओळखीची होती.

शाळेत सांगायचं कोणाला, अन् काय म्हणून?

सकाळी तिनं बाटली अर्धीच भरली. प्यायचंच नाही, तर ओझं तरी लेकरानं काहून वाहावं?