भैयाजीच्या पडीतातला भोवत्या

प्रेमदास थूल यांनी वीज मंडळात लाइनमन म्हणून तेहेतीस वर्षं काढली. या काळात त्यांनी मान वर करून जेवढं आकाश पाहिलं, तेवढं हिंगणघाट तालुक्यात क्वचितच कुणी पाहिलं असेल. पण ते सगळं तारांसाठी. तारेवरचा पक्षी त्यांच्या लेखी फक्त संभाव्य बिघाड होता. निवृत्तीनंतर कुणी सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहतं, कुणी शुगर तपासत बसतं. प्रेमदासभाऊंनी हातभर लांब भिंगाचा कॅमेरा घेतला.

"या वयात लोक नातवाचे फोटो काढतेत," पत्नी गोपिकाबाई म्हणाल्या.

"नातू लय हालते."

"अन् घार काय पाटावर बसून राह्यते?"

या प्रश्नाचं उत्तर पाच वर्षांत मिळालं नाही. घारी, शिक्रे, कापशी यांचे फोटो मिळाले, आणि एकदा ससाण्याचा पाठमोरा भाग. पण भाऊंचा जीव अडकला होता पांढुरक्या भोवत्यात. हा शिकारी पक्षी हिवाळा काढायला थेट कझाकस्तानाहून येतो आणि फाल्गुनात परत जातो. वर्ध्याचे किशोर सर जिल्ह्यातल्या पक्ष्यांची यादी ठेवतात. त्यात त्याच्यापुढे 'ऐकीव' असा शेरा होता. पक्षी नुसता असून भागत नाही, पुरावा लागतो, जातीच्या दाखल्यासारखंच. पुरावा म्हणजे पंखाच्या टोकावरची काळी निमुळती पाचर स्पष्ट दिसेल असा फोटो. कारण याचा एक भाऊबंद हुबेहूब असाच दिसतो, आणि सर भाऊबंदांच्या बाबतीत फार कडक.

भोवत्या झाडावर झोपत नाही, गवतात जमिनीवर झोपतो. असं गवत उरलं होतं गावातले शेतकरी भैयाजी यांच्या सहा एकर पडीतात. भैयाजी आणि त्यांच्या थोरल्या भावाची केस अकरा वर्षं चालू असल्यामुळे तिथे पेरणीला मनाई होती. पर्यावरणासाठी न्यायालयाच्या तारखांनी एवढं काम केलं आहे, की त्यांना एखादा पुरस्कार द्यायला हरकत नाही.

माघापासून भाऊ रोज संध्याकाळी त्या पडीताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोरीच्या झुडपाआड दबा धरून बसत. पक्षी उतरायच्या नेमक्या वेळेला भैयाजी किटली घेऊन येत. आपल्या वावरात आलेला माणूस बिनचहाचा जाऊ द्यायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत.

"घ्या प्रेमदासभाऊ, गरम हाये!"

भोवत्या उडून जाई.

"भैयाजी, जरा हळू बोला ना. पाखरू उडते."

"मंग घरी येऊन घ्या. तुमीच येत नाई."

असे चार फोटो चहात गेले. फाल्गुन लागला तसे भाऊ हळवे झाले. आठवडाभरात पक्षी निघून जाणार होते. एका संध्याकाळी ते किटलीसमोर बोलून गेले, "काय करू भैयाजी, गवत कंबरेएवढं. खाली उतरला का दिसतच नाई."

भैयाजींनी हे मनावर घेतलं.

पुढचे दोन दिवस भाऊंना मेव्हण्याच्या पोरीच्या लग्नाला कारंजा घाडग्याला जावं लागलं. वरातीतही ते आभाळाकडे पाहत होते. लोकांना वाटलं, ड्रोन शोधताहेत. तिसऱ्या दिवशी दुपारीच त्यांनी पडीत गाठलं. समोर सहा एकर कोळसा होता.

"आता दिसन ना स्वच्छ!" भैयाजी किटली घेऊन उभेच होते. "धुरे पेटवाचेच होते, म्हटलं भाऊचंही काम होऊन जाईन."

"पेटवलं? अन् तुमची ती केस?"

"केस पेरणीवर हाये, पेटवण्यावर नाई. वकिलाले इचारलं ना."

प्रेमदासभाऊ धुऱ्यावर बसले. तेहेतीस वर्षांत त्यांनी तीनदा शॉक खाल्ला होता; हा चौथा.

"पण तुमी पाह्यजे होते भाऊ," भैयाजी हळहळले. "आग लागली तसे टोळ उडाले, अन् टोळ खायाले आले हे इतके पाखरं! घारी काय, तुमचा तो पांढरा काय! माह्या टोपीवरून गेला. मोबाइलमधी आला असन पाहा."

मोबाइलमध्ये भैयाजींचे स्वतःचेच अठरा फोटो होते, मागे ज्वाळा. अकराव्यात, हसणाऱ्या भैयाजींच्या डाव्या खांद्यावर पंख पसरलेला पांढुरका भोवत्या. पिवळा डोळा दिसत होता. पंखाच्या टोकावरची काळी पाचर अशी स्वच्छ, की सरांनीसुद्धा हात जोडावेत.

त्या संध्याकाळी भाऊंनी फोटो घरच्या कॉम्प्युटरवर घेतला. भैयाजींना कापलं तरी पक्षी शाबूत राहत होता. त्यांनी कापलं. मग परत जोडलं, आणि पाचरीची खात्री करायला फोटो किशोर सरांना पाठवला. गोपिकाबाई मागे उभ्या होत्या.

"छान आला ना. तुमी काढला?"

भाऊ उत्तर देण्याआधीच किशोर सरांचा फोन आला. "थूल साहेब, अभिनंदन! जिल्ह्यातला पहिला पुरावा. कोणाच्या नावावर टाकू?"

भाऊंनी पडद्यावरच्या हसणाऱ्या भैयाजींकडे पाहिलं.

"भैयाजींच्या," भाऊ म्हणाले.

यादीत आता 'ऐकीव' नाही. 'छायाचित्र : भैयाजी, शेतकरी' असं आहे, आणि ते पान भैयाजींच्या घरी देवाशेजारी लावलेलं आहे. पावसाळ्यात गवत परत कंबरेएवढं आलं, हिवाळ्यात पक्षीही. यंदाच्या फाल्गुनात भैयाजींनी धुरे पेटवले नाहीत. शेजारचा काडेपेटी घेऊन निघाला, तर त्याच्याशीही भांडून आले.

परवा संध्याकाळी प्रेमदासभाऊ कॅमेरा घेऊन पोचले, तर बोरीच्या झुडपाआडची त्यांची जागा गेलेली. तिथे भैयाजी मोबाइल रोखून बसले होते. भाऊंनी घरून थर्मास आणला होता. आज आपणच चहा पाजावा, असा विचार. पहिलाच भोवत्या गवतावर घिरटी घालत खाली येत होता.

"घ्या भैयाजी, गर..."

"हळू ना प्रेमदासभाऊ!" भैयाजी दातओठ खाऊन कुजबुजले. "पाखरू उडन नं!"

ते उडालंच.